सात ते चार, आणि एक बाहेरचा

आधी कबुली देऊन टाकते. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचत आले ते हसायला. सुट्टीच्या सकाळी चहा घेऊन बसायचं, एखादा अनुभव मोठ्यांदा वाचायचा आणि नवऱ्याला म्हणायचं, "घे, आणखी एकाला पांढरी साडी दिसली." माझं शिक्षण रसायनशास्त्राचं आणि काम कागदाचं. कागदावर डाग पडला तर तो कशाने पडला हे शोधणं हीच माझी नोकरी. त्यामुळे "काय झालं ते कळलंच नाही" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरायचं. आता तेच वाक्य मी लिहिणार आहे, आणि अभय — म्हणजे नवरा — शेजारी बसून गालातल्या गालात हसतोय. हसू दे.

आम्ही मूळचे नाशिकचे. गेली अकरा वर्षं दोहाला, बिन महमूदमध्ये, चौथ्या मजल्यावर. अभय गॅस प्लांटवर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मुलगी रेवा, बारा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये मिळतं. आणि मी इथल्या एका ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांची डागडुजी करणाऱ्या लॅबमध्ये. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे.

पण त्याआधी आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आईची रांगोळी होती सात ते चार ठिपक्यांची. ज्यांच्या दारात आता स्टिकर असतो त्यांच्यासाठी सांगते — मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर सहा, पाच, चार आणि खालीही तसेच. एकूण सदतीस. रोज ठिपके मोजत बसायचा आईला कंटाळा, म्हणून तिने कागद करून ठेवला होता. जाडसर कागदावर पेन्सिलने ठिपके आखायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर पेटत्या उदबत्तीने भोक पाडायचं. कागद उंबऱ्यासमोर अंथरायचा, वरून रांगोळी हाताने पसरायची, कागद उचलला की खाली ठिपके तयार. हा कागद ती करत होती तेव्हा गॅसवर दूध उतू गेलं. ती ताडकन उठली, उदबत्ती हातातून पडली आणि डावीकडे, सगळ्या ओळींच्या बाहेर, अडतिसावं भोक पडलं. दुसरी कुणी असती तर कागद टाकून नवा केला असता. आई म्हणाली, पडलाय तर पडलाय. तेव्हापासून रोज तो बाहेरचा ठिपका उमटायचा आणि रोज ती त्याला रांगोळीत ओढून घ्यायची. कसं घ्यायची, ते मी कधी नीट पाहिलंच नाही. मी शाळेच्या, मग कॉलेजच्या घाईत त्या रांगोळीवरून उडी मारून जायचे.

दोहाला आल्यावर आईचा रोज फोन यायचा, आणि तो घड्याळाप्रमाणे नाही, सूर्याप्रमाणे. नाशिकच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती सूर्य मावळताना बघायची आणि मावळला की मला फोन लावायची. आमच्याकडे तेव्हा दुपारचे चार-साडेचार, ऊन चांगलं टळटळीत. मी रेवाला शाळेतून घेऊन गाडीत असायचे. फोन स्पीकरवर. "मावळला गं इकडे," आई म्हणायची, "आता तुझ्याकडे पाठवलाय." मी म्हणायचे, "पोचला, पोचला. इथे गाडीचं स्टिअरिंग भाजतंय." एवढंच बोलणं, दोन-चार मिनिटांचं. सात वर्षं चाललं. एकदा तिने सकाळीच व्हिडिओ कॉल केला होता, कॅमेरा खाली जमिनीकडे धरलेला. "बघ जरा, जोडायचं कसं ते शिकून घे. माझ्यानंतर कोण काढणार?" माझे हात कणकेत होते. मी म्हटलं, "आई, आल्यावर शिकते ना. आत्ता डबा व्हायचाय."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई गेली. मला जाता आलं नाही. त्या दिवसांत जे सगळ्यांचं झालं तेच आमचं, त्यावर जास्त लिहीत नाही. काही महिन्यांनी दादाने विचारलं, आईची आठवण म्हणून काय पाठवू? त्याला वाटलं मी पाटल्या मागेन. मी म्हटलं, देवाच्या कपाटातला भोकांचा कागद. सामान आवरताना तो रद्दीत गेला होता. वहिनी बिचारी रडायला लागली. तिची काय चूक, फाटका भोकं पडलेला कागद कोण ठेवील?

खरं तर कागद मिळाला असता तरी काय उपयोग होता? सात ते चार ठिपके मीही काढू शकते. जोडायचे कसे, ते हवं होतं. मी वहिनीला विचारलं, दादाला विचारलं, समोरच्या काकूंना विचारलं. फोन चाळले, लग्नाचे अल्बम बघितले. सगळ्या फोटोंत माणसं उंबऱ्यावर उभी, रांगोळी त्यांच्या पायाखाली अर्धी. स्वतः शंभर वेळा वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडून बसले. एकदाही जमलं नाही. आणि मग मी रांगोळी काढणंच बंद केलं. दिवाळीलासुद्धा नाही. अभय म्हणायचा, दुसरी कुठलीतरी काढ. मला दुसरी नको होती.

आता पुस्तकाकडे येते.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या टेबलावर एक पुस्तक आलं. चारशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं, आडव्या आकाराचं, शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखं. याला एम्ब्लेम बुक म्हणतात. प्रत्येक पानावर वर एक लॅटिन ओळ, मधोमध कोरीव चित्र आणि खाली कविता. गंमत अशी की तिन्ही मिळून अर्थ लागतो, एकट्या चित्राचा लागत नाही. माझी बॉस इनेस पोर्तुगालची, पन्नाशीची, दोहात इतकी मुरलेली की सगळ्यांना हबीबती, म्हणजे अरबीत 'माझे बाई', म्हणते. तिला या पुस्तकांचं वेड. तिने सांगितलं की आधीच्या पुस्तकांत ही चित्रं प्रेमाची असायची, ग्रीक-रोमन कथांमधून उचललेली. पंख असलेला पोरसवदा प्रेमाचा देव, त्याच्या हातात धनुष्य, तो प्रेमिकांच्या खोड्या काढतोय. मग धर्माची माणसं आली. त्यांनी चित्रं तीच ठेवली, त्या पोराच्या डोक्यामागे तेजोवलय काढलं आणि समोरच्या मुलीला म्हटलं आत्मा. झालं धार्मिक पुस्तक. इनेसला वाटलं मला हे विचित्र वाटेल. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे गवळणी आहेत. गोपी कृष्णासाठी तळमळते आणि कीर्तनकार सांगतात की ती म्हणजे जीव आणि तो म्हणजे शिव. आम्हाला यात काही नवीन नाही.

मला दिलेलं काम एका पानाचं होतं. चित्रात एक मुलगी जमिनीवर बसलेली, तिच्याशेजारी एक उंच फूल, आणि दोघांची तोंडं डावीकडे, मावळत्या सूर्याकडे. इनेसने कथा सांगितली. जुन्या कथेत या मुलीचं सूर्यावर प्रेम. तो निघून जातो. ती नऊ दिवस अन्नपाण्यावाचून एका जागी बसून राहते, फक्त त्याच्यामागे तोंड फिरवत, आणि शेवटी तिचंच फूल होतं. धार्मिक पुस्तकात सूर्य म्हणजे देव. तो जिकडे जाईल तिकडे माझं तोंड, असा वरच्या ओळीचा साधारण अर्थ. मी मान डोलावली खरी. मला ना देव दिसला ना आत्मा. मला प्लास्टिकची खुर्ची दिसली.

या पानावर भोकं होती. पुस्तकासोबतच्या जुन्या नोंदीत लिहिलं होतं, किडीने खाल्लेलं. मी बघताक्षणी म्हटलं, ही कीड नाही. कीड ओळीत चालत नाही. इनेस खूश झाली. म्हणाली, बरोबर, त्या काळच्या बायका या पुस्तकातली चित्रं भरतकामाला घ्यायच्या. चित्राच्या रेषेवर सुईने भोकं पाडायची, पान कापडावर ठेवायचं आणि वरून कोळशाची पूड थोपटायची, खाली नक्षी उमटते. मी म्हटलं, म्हणजे आमच्या आईचाच कागद की हा. दोघी हसलो. मग तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, पण ही भोकं चित्राच्या रेषेवर नाहीत.

नव्हतीच. चित्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. आकाश, मुलगी, फूल, सगळ्यांवरून ती सरळ ओळींत गेली होती. मी रिपोर्ट लिहायला घेतला. प्रत्येक दोषाची मोजणी लिहावी लागते. मी मोजत गेले, चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार, आणि दोषाच्या रकान्यात सवयीने टाईप केलं — सात ते चार. इनेसने स्क्रीनवर वाचून विचारलं की ही कसली वेळ आहे? तेव्हा मी काय लिहिलंय ते मला कळलं. आणि त्याच वेळी डावीकडचं एक भोक दिसलं, ओळींच्या बाहेर. चित्रातल्या सूर्याच्या बरोबर मध्ये.

मी इनेसला काही बोलले नाही. आधी स्वतःला चार गोष्टी सुनावल्या. सात ते चार जगात कुणीही मांडेल, साधा षटकोन आहे. बाहेरचं एक भोक चुकूनही पडतं. मग पान सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. सुईने पाडलेल्या भोकाचे काठ एका बाजूला उचललेले असतात. हे काठ उचललेले नव्हते. तपकिरी होते, आणि कागदाचे तंतू टोकाला आखडलेले. म्हणजे भाजलेले. अडतीसच्या अडतीस. बरं, मागचं पान स्वच्छ, पुढचं पान स्वच्छ. शिलाई मूळची, दोरा कधी उसवलेला नाही. पुस्तकात शिवलेलं एकच पान मागच्यापुढच्याला डागही न लावता अडतीस ठिकाणी कसं भाजायचं? मला तरी येत नाही.

भोकांचा नकाशा काढायचा होता. आमची पद्धत अशी की पानावर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि तिच्यावर दोष मार्करने गिरवायचे. त्याआधी आडव्या उजेडात पाहायचं. खोलीतला दिवा घालवायचा आणि एक छोटा दिवा पानाच्या कडेला अगदी खाली धरायचा, म्हणजे कागदावरचा प्रत्येक दाब, प्रत्येक जुनी घडी सावलीने दिसते. इनेस मीटिंगला गेली होती. अडीच वाजले असतील. मी दिवा डावीकडून आणला, सूर्याच्या बाजूने.

आणि भोकांच्या मधल्या रेषा दिसल्या.

बोथट टोकाने कुणी गिरवावं तशा, नाजूक दाबाच्या. या ठिपक्यावरून त्या ठिपक्याकडे, वळून परत, एक पाकळी, तिच्यातून दुसरी. मला भीती वाटली नाही, हे मी शपथेवर सांगते. मला रडूही आलं नाही. मी फक्त पानावर फिल्म ठेवली, मार्कर उचलला आणि गिरवायला लागले, दूध उतू जाण्याआधी उरकावं तशी घाईने. शिलाईच्या बाजूला, उजव्या टोकाला, पान आत वळत होतं आणि उजेड पोचत नव्हता. तिथली एक रेषा मी अंदाजाने काढली. बाकी सगळं जसं दिसलं तसं.

इनेस परत आली तेव्हा मी दिव्याला हातही लावला नव्हता. ती वाकली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. भोकं होती, रेषा नव्हत्या. मी पाहिलं. खरंच नव्हत्या. आम्ही चारी बाजूंनी दिवा फिरवून फोटो काढले, एकातही नाहीत. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आईचा कागद, दूध, बाहेरचा ठिपका. ती चेष्टा करणारी बाई नाही. माझ्या फिल्मकडे बघत म्हणाली, "तू ही नक्षी हजारदा पाहिली असशील, हबीबती. तुझ्या हाताला ती पाठ होती. आज त्याने काढली." मी म्हटलं, हाताला पाठ होती तर चार वर्षं कुठे होता हात?

रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, उष्णतेने पडलेली भोकं, अडतीस, कारण अज्ञात. फिल्म नियमाप्रमाणे फायलीत गेली. तिची नक्कल मी घरी आणली, हे आता इथे लिहून मोकळी होते.

शनिवारी दुपारी मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या भारतीय दुकानातून दिवाळीचा उरलेला रांगोळीचा पुडा आणला. दाराबाहेर काढायची सोय नाही. आमच्या बिल्डिंगच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, पूर्वी एकदा कुणाचीतरी रांगोळी सांडलेली साबणाची पावडर समजून पुसून टाकली होती. म्हणून गॅलरीत बसले. फरशीवर धुळीचा थर, तो दोनदा पुसला. जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं, नकलेवरून ठिपके आखले, उदबत्ती पेटवली. सदतीस भोकं पाडली आणि डावीकडे एक. कागद अंथरला, रांगोळी पसरली, उचलला. चार वर्षांनी हातात रांगोळी घेतली होती, रेघ जाडीभरडी येत होती. पण फिल्मवरून बघत बघत एकेक रेघ जोडत गेले.

शेवटची रेघ घालत होते तेव्हा रेवा पाणी प्यायला उठली आणि गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. कानात इअरफोन. एक क्षण बघितलं, इअरफोन काढला आणि म्हणाली,

"मम्मा, दॅट्स राँग."

मी मान वर केली. ती चप्पल काढून खाली बसली आणि उजव्या टोकाच्या रेघेवर बोट ठेवलं. तीच रेघ, जी मी अंदाजाने काढली होती. ती पुसून तिने चिमटीत रांगोळी घेतली आणि रेघ एका ठिपक्याच्या खालून नेली. चिमूट अगदी आईसारखी, तर्जनी किंचित बाहेर. मग काही न विचारता ती डावीकडे सरकली. तिथे मी बाहेरच्या ठिपक्यापर्यंत दोन रेषा नेल्या होत्या, फिल्मवर होत्या तशा. तिने त्या तपासल्यासारख्या पाहिल्या आणि म्हणाली, "धिस इज करेक्ट."

मी विचारलं, तुला कसं माहीत? ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी तिला तिचंच नाव विचारतेय. सहा वर्षांची असताना तिला एक सुट्टीभर आईकडे ठेवलं होतं, दीड महिना. रोज सकाळी आजीबरोबर रांगोळी काढायची, म्हणाली. आजी ठिपके पाडायची आणि ही जोडायची. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"यू नेव्हर आस्क्ड." मग म्हणाली, "यू आस्क्ड मामा. यू आस्क्ड एव्हरीबडी."

खरं होतं. फोनवर मी जगाला विचारत होते तेव्हा ही शेजारी बसून होमवर्क करत होती. मी काय शोधतेय ते तिला कळलंही नसेल, कारण तिच्या दृष्टीने ते हरवलेलंच नव्हतं.

मग मी तिला सांगितलं की तो बाहेरचा ठिपका चुकून पडलेला, दूध उतू गेलं म्हणून. रेवाने मान हलवली. आणि या वेळी, का कोण जाणे, मराठीत बोलली, अडखळत, शब्द शोधत.

"आजी म्हणाली, तो चूक नाही. ती मम्मा आहे. सूर्य जातो ना तिकडे, तिथे मम्मा आहे. म्हणून लाईन तिकडे जाते आणि... परत येते."

मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी. रेवा घाबरली, रांगोळीच्या हातांनी माझे डोळे पुसायला लागली आणि मग दोघी पांढऱ्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन अजून गॅलरीत होतं.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय? पुढे काही नाही. पुस्तक पेटीत आहे. मी त्यानंतर दोनदा कामाच्या निमित्ताने ते पान आडव्या उजेडात पाहिलं. भोकं आहेत, रेषा नाहीत. इनेसचं म्हणणं अजून तेच की माझ्या हाताला आठवलं. असेलही. मग भोकांचं काय, यावर ती खांदे उडवते. अभय म्हणतो, योगायोग. मी त्याला म्हटलं, अडतीस? माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसलेली मी मला स्वतःलाच आवडत नाही.

पण खरं सांगू का, मला रात्रंदिवस छळतं ते वेगळंच. चार वर्षं मी जी गोष्ट नाशिकभर शोधली, फोटोंत शोधली, शेवटी चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या पुस्तकात शोधली, ती रोज दुपारी चार वाजता, आईचा फोन पूर्वी यायचा त्या वेळेला, माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली असायची.